कोणाला कोणतं अत्तर शोभतं?

मागच्या भागात आपण दागिन्यांबद्दल बोललो. तेव्हा एक प्रश्न राहून गेला होता: अंगावर जे दिसतं त्याबद्दल इतकं बोललो, पण जे दिसत नाही आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचतं, त्याचं काय? आज त्या सुगंधाबद्दल बोलू. माझ्याशी घडलेल्या दोन छोट्या गोष्टींपासून सुरुवात करते.

मी मूळची इंदूरची आणि नोकरीनिमित्त गेली बरीच वर्षं हैदराबादला. इथल्या एका चकचकीत मॉलमध्ये परफ्यूमच्या दुकानात गेले होते. वाळ्याचा वास असलेलं काहीतरी हवं होतं. मी एका कपाटाकडे वळले तशी विक्रेती मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, ते जेंट्सचं आहे." मी म्हटलं, चालेल. तिने मला दोन पावलं मागे नेऊन गुलाबी बाटल्या दाखवायला सुरुवात केली. "तुमच्या पर्सनॅलिटीला हे सूट होईल," म्हणाली. माझी तिची ओळख होऊन तेव्हा दीड मिनिट झालं होतं.

त्याच आठवड्यात चारमिनारजवळच्या एका जुन्या अत्तरवाल्याकडे गेले. छोटं दुकान, मागे काचेच्या कुप्या, गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "कब लगाना है? दिन में या रात को?" मग विचारलं की पंख्यात बसायचं आहे की उन्हात फिरायचं आहे. मी बाई आहे की बुवा, हा मुद्दा त्यांच्या हिशेबात आलाच नाही. मी कोण आहे हेही त्यांना नको होतं. त्यांना दिवस कुठला आहे ते हवं होतं.

हे दोन प्रश्न दोन वेगळ्या इतिहासांतून आलेले आहेत. 'तुमच्या व्यक्तिमत्त्वाला शोभेल असा सुगंध' ही कल्पना आज आपल्याला सनातन वाटते, पण ती जेमतेम शे-सव्वाशे वर्षांची आहे. त्याआधीची रीत निराळी होती, आणि ती सगळीच्या सगळी गोड नव्हती. तेही सांगणार आहे.

आधी माळव्यात जाऊ. इंदूरहून उज्जैन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सहाव्या शतकातला वराहमिहिर त्या भागातला. त्याच्या 'बृहत्संहिते'त पाऊस, भूकंप, रत्नं, विहिरी अशा शंभर गोष्टींच्या सोबत 'गंधयुक्ति' नावाचा एक पूर्ण अध्याय आहे. त्यात तो सोळा सुगंधी द्रव्यं चार बाय चारच्या चौकटीत मांडतो. प्रत्येक घरात द्रव्याचे किती भाग घ्यायचे तो आकडा, आणि कुठलीही ओळ उभी, आडवी किंवा तिरकी घेतली तरी बेरीज अठराच. सोळांतून कोणतीही चार निवडायची म्हटली तर १८२० प्रकार होतात हेही तो सांगतो, आणि प्रमाण बदलत गेलं की ही संख्या लाखाच्या पलीकडे कशी जाते तेही. गणिताच्या शिक्षकांना हा अध्याय 'कॉम्बिनेशन'च्या इतिहासासाठी आवडतो. मला त्यातली दुसरी गोष्ट आवडते. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून विचार करतंय की माणसाला निवडीसाठी नेमकं किती मोकळं रान आहे.

पण ही निवड कशावरून करायची? वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त उत्तर सापडतं: ऋतूवरून. थंडीत केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप, उन्हाळ्यात चंदन आणि कापूर. म्हणजे सुगंध अंगाच्या स्वभावाशी जुळवायचा नाही, तो हवेच्या विरुद्ध लावायचा. बाहेर आग असेल तर अंगावर गारवा, आणि गारठा असेल तर ऊब. आपण आज 'कॉन्ट्रास्ट' म्हणून ज्याचं कौतुक करतो तो इथे पायाच आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे ओळखीचा आहे. त्यात राजाच्या उपभोगांची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात विलेपनाला, म्हणजे अंगाला लावायच्या सुगंधी लेपांना, स्वतंत्र जागा आहे. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तला नागरक, म्हणजे शहरी शौकीन पुरुष, सकाळी दात घासून झाले की सुगंधी लेप लावतो, धूप घेतो, गळ्यात माळ घालतो, आणि मग आरशात बघतो. त्यात एक बारीकसा शब्द आहे: लेप 'मात्रेने' लावायचा. बेताने. लिफ्टमध्ये कोणाच्या तरी डिओड्रंटने गुदमरल्यावर मला हा शब्द हटकून आठवतो.

तिथून परत माळव्यात. मांडूच्या घियास शाहाच्या दरबारात १५००च्या आसपास 'नेअमतनामा' हे सचित्र हस्तलिखित तयार झालं, जे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सामोसे आणि खिरींच्या कृतींबरोबर त्यात अत्तरांच्या, लेपांच्या आणि घामाचा वास घालवण्याच्या कृती आहेत. एकाच वहीत स्वयंपाक आणि सुगंध, कारण दोन्ही एकाच घराचं काम. पुढे अबुल फजल 'आईने अकबरी'त सुगंधांवर वेगळं प्रकरण लिहितो आणि अरगजा उन्हाळ्यात कातडी थंड ठेवायला वापरतात असं नोंदवतो. पुन्हा ऋतूच.

जहांगीर बादशहाची गोष्ट तर तुम्ही ऐकली असेल. नूरजहानची आई अस्मत बेगम हिला गुलाबपाणी काढताना भांड्यांत वर तेलाची साय जमलेली दिसली, तिने ती गोळा केली, आणि गुलाबाचं अत्तर हाती आलं. लोककथेत हे श्रेय सर्रास नूरजहानला देऊन टाकतात, पण जहांगीरने स्वतःच्या आठवणींत ते सासूला दिलं आहे. त्या अत्तराला 'इत्रे जहांगिरी' नाव पडलं. एक थेंब तळहातावर चोळला तर सगळी मैफल दरवळते, असं बादशहा खुशीत लिहितो. लक्षात घ्या, गुलाब एका स्त्रीने काढला, पुरुषाच्या नावाने ओळखला गेला, आणि पुरुषांनी भर दरबारात लावला. गुलाब म्हणजे बायकी वास, हा नियम मला या सगळ्या परंपरेत कुठेच दिसत नाही.

आता न गोड वाटणारा भाग.

जुन्या रीतीत सुगंधावरून तुमचा 'स्वभाव' कळायचा नाही, पण तुमची पायरी मात्र कळायची. कस्तुरी आणि केशर कोणाला परवडायचं, हे सांगायला नको. शिवाय कोणी सुगंध घेऊच नये, याचेही नियम होते. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला गंध आणि माळा वर्ज्य सांगते. आणि आपल्या घरांतून विधवेला कुंकवाबरोबर फुलं आणि अत्तरही सोडावं लागायचं. हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावायचं, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचं, ओटी भरायची. किती सुंदर प्रथा, असं आपण म्हणतो. आहेच. फक्त त्या वेळी घरातली कोणीतरी एक बाई माजघरात बसलेली असायची.

आमच्याकडे ती माझी आजी होती. चोविसाव्या वर्षी विधवा झालेली. मी तिला कधी अत्तर लावलेलं पाहिलं नाही. पण तिचं नाक विलक्षण होतं. माझे बाबा इंदूरला एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांना अत्तराचा एकच शौक. कपाटात तीन-चार कुप्या: उन्हाळ्यात गुलाब आणि खस, पावसात कधी मिट्टी, थंडीत हिना. कापसाचा छोटा फाया करून कानाच्या पाळीच्या वर, आतल्या घडीत ठेवायचे. मग निघताना आजीला वाकून नमस्कार. आजी डोक्यावर हात ठेवायची आणि नमस्काराला उत्तर म्हणून आशीर्वाद द्यायच्या ऐवजी म्हणायची, "आज हिना का रे? अजून थंडी कुठे पडलीये?" किंवा नुसतंच "गुलाब" असं म्हणून डोळे मिटायची. बाबा त्या वेळी जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकलेले असायचे. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

१९७९-८० च्या सुमाराची गोष्ट. कचेरीत कोणी नवे साहेब आले. त्यांनी सगळ्यांसमोर बाबांना विचारलं, "काय हो, आज कोणत्या कोठीवरून आलात?" सगळे हसले. बाबा घरी येऊन काही बोलले नाहीत. आईने आम्हाला ते पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मला आठवतं ते एवढंच की कुप्या कपाटात मागे गेल्या आणि न्हाणीघराच्या फळीवर एक पांढरी बाटली आली, जिच्यावर जहाज होतं. ओल्ड स्पाइस. मर्दाचा वास. आजीने पहिल्या दिवशी नाक उडवलं, "हा कसला रे?" म्हणाली, आणि नंतर विचारणं सोडलं.

त्या साहेबांच्या हसण्यामागचा इतिहास मी खूप नंतर शोधला. तो युरोपातून येतो.

युरोपातही पुरुष फुलांचे वास लावत असत. नेपोलियन तर कोलोनच्या बाटल्यांमागून बाटल्या संपवायचा. एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. मध्यमवर्गी पुरुषाचे कपडे काळे झाले, भपका हा दोष ठरला, त्याच्या वाट्याला साबण आणि लॅव्हेंडर राहिले, आणि फुलं बायकांकडे गेली. मग रसायनशाळेतून सुगंध येऊ लागले. कुमारिन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, व्हॅनिलिन १८७४ मध्ये. आता वास एखाद्या फुलासारखा असायची गरज उरली नाही. तो 'कल्पनेसारखा' असू शकत होता. १८८९चं गेर्लांचं 'जिकी' हे त्यातलं गाजलेलं: वर लॅव्हेंडर, खाली व्हॅनिला, ना धड बाईचं ना धड पुरुषाचं.

१९११ साली पॅरिसच्या पॉल प्वारे या शिंप्याने (फॅशन डिझायनर म्हणा, पण मला शिंपी हा शब्द मानाचा वाटतो) मुलीच्या नावाने 'रोझिन' ही सुगंधांची कंपनी काढली. कपडा शिवणाऱ्याने अत्तरही विकायचं, ही सुरुवात तिथली. त्याच्यामागून शनेल आल्या आणि १९२१ मध्ये अर्नेस्ट बो याने बनवलेला 'नंबर ५' बाजारात आला. 'माझ्या कपड्यांना माझा वास' ही गोष्ट इथून घट्ट झाली. कपडे आणि सुगंध एकाच दुकानात आले की 'तुम्ही कोण' हा प्रश्नही त्याच दुकानात विचारला जाणार.

पण गंमत बघा. शनेलचे कपडे कसे होते? साधी जर्सी, सरळ रेघा, काळा रंग. बाटलीही औषधाच्या बाटलीसारखी चौकोनी. आणि आतला वास? जाई, गुलाब आणि वर अल्डिहाइडचा फेसाळ झगमगाट. कपड्यात जे गाळलं ते सगळं वासात भरलं. जुळवण्याच्या युगाचा सर्वांत प्रसिद्ध सुगंध हा न जुळण्याचा नमुना आहे. १९१९चं कॅरॉनचं 'ताबा ब्लों' त्याही पुढचं: चामडं आणि तंबाखूचा वास, तोही बायकांसाठी, नुकत्या सिगारेट ओढू लागलेल्या. १९४४ मध्ये जर्मेन सेलिए या अत्तरकार बाईने 'बँडिट' बनवलं, कडवट आणि कातडी. बायकांच्या फळीवर ही बाटली आजही आहे, पण माझ्या त्या मॉलमधल्या मुलीने ती मला दाखवली असती की नाही, शंका आहे.

आणि आता जहाजाची बाटली. शुल्टन नावाच्या अमेरिकन कंपनीने ओल्ड स्पाइस पहिल्यांदा १९३७ मध्ये काढलं ते बायकांसाठी. कंपनीच्या मालकाच्या आईची वाळलेल्या फुला-मसाल्यांची बरणी असायची, तिच्यावरून ते सुचलं असं सांगतात. पुरुषांसाठीचं त्याच्या पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये आलं. म्हणजे बाबांनी 'बायकी' गुलाब सोडून जो 'मर्दानी' वास घेतला, त्याचं कूळ एका आईच्या फुलांच्या बरणीतलं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. मग जरा वेळाने हसू आलं नाही.

तर मग निवडायचं कसं? मला विचाराल तर मी चाचांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. कधी, कुठे, किती उकाडा. त्यानंतर कपडा. इस्त्रीच्या सुती साडीवर खस म्हणजे एकाच सुरात दोन वाद्यं. शांत, स्वच्छ, आणि दिवसभराच्या कामाला योग्य. पण कांजीवरम, मोठी नथ, गजरा आणि वरून मोगऱ्याचं अत्तर असं सगळं एकदम केलं की कोणीच कोणाला ऐकू येत नाही. तिथे मी खस लावते. भरजरी कपड्याखालून मातीचा, मुळांचा कोरडा वास आला की समोरचा क्षणभर थांबतो. उलट, साध्या खादीच्या कुर्त्यावर हिना किंवा शमामा लावून बघा. मसाल्यांचा, धुराचा, जुन्या लाकडी पेटीचा वास त्या साधेपणाखाली उभा राहतो. विरोध चालतो, पण एका बाजूला एकच गोष्ट मोठी हवी. दोन्हीकडे आरडाओरडा असला तर तो विरोध नाही, नुसता गोंगाट.

दुकानात कागदाच्या पट्टीवर भुलू नका. लिंबू-संत्र्याचे वास पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात, आणि दुकानदार तेच हुंगवतो. मनगटावर लावा, बाहेर जाऊन चहा प्या, तासाभराने जे उरेल ते तुमचं. एका दिवसात तीनच्या वर हुंगू नका, नाक थकतं. ते घरीही थकतं: रोजचा वास आपल्याला येईनासा होतो, मग आपण वाढवत जातो, आणि शेजारी खिडकी उघडतो. पुन्हा वात्स्यायनाची मात्रा.

अत्तराचं मात्र थोडं वेगळं आहे, कारण त्याची घडणच वेगळी. कनौजला पहाटे खुडलेला गुलाब तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर घालतात, झाकण मातीने लिंपतात, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला आणि त्यात चंदनाचं तेल वाट बघत असतं. आच किती झाली हे कारागीर हात लावून ओळखतो. दुसऱ्या दिवशी नवी फुलं, पण भपक्यात तेल तेच, असं दिवसेंदिवस चालतं, तेव्हा चंदन गुलाब पिऊन तयार होतं. अशा अत्तरात वर-मधे-खाली असे परफ्यूमसारखे टप्पे फारसे नसतात. फूल हळूहळू सुटतं आणि चंदन शेवटपर्यंत धरून ठेवतं. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आलं. ते स्वस्त आहे, आणि त्याला स्वतःचं काही म्हणायचं नसतं. म्हणून कुप्यांच्या किमतीत शेकड्यांपासून हजारांपर्यंत फरक दिसतो.

मी त्या दिवशी चाचांकडून स्वतःसाठी खस घेतलं. आणि निघता निघता गुलाबाची एक छोटी कुपी घेतली, बाबांसाठी. आजी जाऊन तीसहून अधिक वर्षं झाली. बाबा चौऱ्याऐंशीचे. दिवाळीला इंदूरला गेले तेव्हा त्यांच्या हातात दिली. "आता कुठे जायचंय मला," म्हणाले. कुपी बाजूला ठेवली, पेपर वाचला, मग पुन्हा उचलली. बूच काढून लांबूनच हुंगलं, एक थेंब हाताच्या पाठीवर घेतला आणि बराच वेळ तसेच बसले.

"चंदन नाही यात," म्हणाले. "कितीला घेतलंस?"

मी सांगितलं.

"फसवलं तुला." आणि आईला हाक मारून म्हणाले, "अगं, जरा कापूस दे."